चौदा नंबरची खाट

“अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.” मी खाटा मोजत होते, ओठातल्या ओठात. माझ्या मागून अण्णा चालत होते, अनवाणी. फरशी इतकी चकचकीत होती की त्यांनी चपला आपण होऊन दाराशी काढल्या होत्या. बायकांच्या वॉर्डात चाळीस खाटा, आणि चाळीसच्या चाळीस भरलेल्या. मी वहीत लिहिलं: खाटा चाळीस, पेशंट चाळीस. त्यापुढे बरोबरची खूण केली.

“बघ,” अण्णा हळूच म्हणाले. “बाईंनी सांगितलं तसंच आहे की नाही? इथं शिकायला मिळेल तुला.”

बाई म्हणजे आमच्या गावच्या डॉक्टर नगरकरबाई. बारावीचा निकाल लागल्यावर मी आयुर्वेदाला जायचं ठरवलं तेव्हा त्यांच्याकडे विचारायला गेले होते, कुठलं कॉलेज घेऊ म्हणून. त्यांनी पुढ्यातलं इंजेक्शन भरत भरत सांगितलं, “इमारत बघू नकोस, बाग बघू नकोस, त्यांचं पुस्तक तर मुळीच वाचू नकोस. खाटा बघ. किती आहेत ते नाही, किती भरलेल्या आहेत ते. पेशंट नसतील तिथं शिकलेला डॉक्टर म्हणजे काठावर बसून पोहायला शिकलेला माणूस.”

ते मला पटलं. नाहीतर आमच्या वर्गातल्या पोरींनी कॉलेजं कशी निवडली ते सांगितलं तर हसाल. एकीनं घेतलं ते मैत्रिणीनं घेतलं म्हणून. एकीच्या वडिलांना वसतिगृहाच्या खिडकीतून देऊळ दिसलं, तेवढ्यावर त्यांनी जागेवरच हो म्हटलं. माझ्या आईनं निघताना एकच बजावलं, तिथं पाणी रोज येतं का विचारा. आणि अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक, त्यांनी तर सगळ्या कॉलेजांच्या गाड्यांच्या वेळा आधीच काढून ठेवल्या होत्या. थेट गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, वाटेत बदलायला लागते का. त्यांच्या हिशेबी कॉलेज म्हणजे एक थांबा.

त्याआधी आम्ही जिल्ह्याच्या गावचं जुनं कॉलेज पाहिलं होतं. तिथं साठ खाटा आणि पेशंट अकरा. भिंतीचे पोपडे निघालेले. एक म्हातारे वैद्य एका पेशंटवर तापले होते, कारण त्यानं उशीखाली लोणच्याची बाटली लपवली होती. मी वहीत अकरा लिहिलं आणि त्याच्यावर काट मारली. शहाणी ना मी.

आणि मग बुधवारी, अण्णांच्या सुटीच्या दिवशी, हे टेकडीवरचं कॉलेज. शुक्रवारी प्रवेशाची शेवटची तारीख. फाटकावरच्या वॉचमननं आम्हाला अडवलं होतं. अण्णांचे पायजम्याचे पाय धुळीनं भरलेले, माझ्या हातात कापडी पिशवी.

“पेशंट असाल तर मागल्या दारानं,” तो म्हणाला. “टेम्पोपाशी नाव सांगा.”

“पेशंट नाही, मुलीचा प्रवेश आहे,” अण्णा ताठ होऊन म्हणाले. आयुष्यात फार कमी वेळा ते असे ताठ झालेले मी पाहिलेत. वॉचमननं आमच्याकडे जरा विचित्र बघितलं आणि आत सोडलं. पेशंट टेम्पोनं का येतात, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

प्रवेशाचं काम बघणारे कोठावळे सर नावाचे गृहस्थ होते. गळ्यात टाय, कपाळावर घाम. “आज जरा गडबड आहे, मान्यतेच्या तपासणीला समिती यायचीय,” ते म्हणाले. “पण आलात ते बरं केलंत. ओरिजिनल कागद आणलेत ना? द्या इकडं, सीट धरून ठेवतो. आणि मुलीला घेऊन हॉस्पिटल बघून या. लपवण्यासारखं काही नाही आपल्याकडं.” अण्णांनी माझी सगळी फाईल, दाखले, गुणपत्रिका, सगळं त्यांच्या टेबलावर ठेवलं. नमस्कारही केला.

तर अशी मी चाळीसपर्यंत मोजून परत फिरले. अण्णा मध्येच थांबले. त्यांची नजर एका खाटेवरच्या हातावर होती. बाईनं तोंडावरून चादर ओढून घेतली होती, फक्त एक हात बाहेर. हाताला सलाईनची नळी पट्टीनं चिकटवलेली. पट्टीच्या वर हिरवं गोंदण होतं, तुळशीचं रोप आणि त्याखाली नाव. दत्तू.

दत्तू म्हणजे अण्णा. जगात हे नाव हातावर गोंदवून घेणारी बाई एकच होती, त्यांची थोरली बहीण, माझी गजराआत्या. तिचं गाव तिथून सहा किलोमीटर. कॉलेज बघून झालं की संध्याकाळी तिच्याकडे जायचं आमचं ठरलं होतं. पिशवीत तिच्यासाठी आईनं दिलेला चिवडा होता.

“अक्का?” अण्णांनी हाक मारली.

हात चटकन चादरीत गेला. नळीसकट.

“अक्का, मी दत्तू. काय झालं तुला?”

“कोन दत्तू?” चादरीतून आवाज आला. “मी शेवंता पाटोळे.”

खाटेला पाटी टांगली होती. खाट चौदा. शेवंता पाटोळे, वय बासष्ट, आमवात. मी चादर खाली ओढली. आत आत्याच होती. कपाळावर चिकटपट्टी, नवाकोरा हिरवा झगा लुगड्यावरून घातलेला, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

“गप बसा की रं,” ती दातओठ खात पुटपुटली. “तो टायवाला बघंल.”

अण्णा खाली वाकले. “कधीपासून आहे आमवात? कळवायचं नाही होय?”

“सकाळी आठपास्नं,” आत्या म्हणाली.

अण्णांना काहीच कळलं नाही. मला कळलं. मी शेजारच्या खाटेवरच्या बाईचे पाय बघितले. टाचांच्या भेगांत काळी माती, ओली. पलीकडचीचेही तेच. ओळीनं सगळ्यांचे. घाणेरीचे काटे टोचलेले, खुरपणीतून उठून आलेले, धडधाकट पाय. मी आत्याच्या हाताची पट्टी उचकटली. नळीला सुई नव्हती. नळी नुसतीच पट्टीखाली चिकटवलेली, आणि वर बाटलीत पाणी.

मी पट्टी पुन्हा दाबून बसवली.

“आदल्या दिशी टेम्पोवाला गावात सांगून जातो,” आत्या कुजबुजत सांगायला लागली. एकदा सापडल्यावर तिला बोलायचा हुरूप आला होता. “चाळीस बाया, पन्नास बापय. वरसातनं दोनदा. एक साडी आन् जेवान. आज गुलाबजाम हायत म्हनं. साहेब आलं की कन्हायचं, बस्स. मला दोन वर्सं झाली, ही खाट माझीच. मागल्या बारीला मला दमा दिला हुता. लई खोकायला लागायचं. आमवात बरा.”

“अक्का, अगं लाज...” अण्णा म्हणाले.

“कसली लाज? पडून तर ऱ्हायचं हाय. खुरपायला वाकण्यापरीस बरं.”

तेरा नंबरची म्हातारी हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “पावनं, हळू बोला. आमची साडी घालवाल.”

मी अण्णांना बाजूला घेतलं. “फाईल परत घ्या. आत्ताच्या आत्ता.”

अण्णा खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “थांब जरा. वर्गात शिकवत तर असतीलच की. आणि सगळीकडं असंच असतं हेमा. आमच्या आगारात मोठा साहेब यायचा असला की आम्ही नर्सरीतून कुंड्या आणून मांडतो. साहेब गेला की परत.”

“कुंड्या आणि माणसं एकच का, अण्णा?”

“तसं नव्हे. थेट गाडी आहे इथं. दर तासाला.”

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की तो आजही आठवतो. बिचारा माणूस. मुलगी डॉक्टर होणार म्हणून आगारात पेढे वाटायचे आधीच कबूल करून बसला होता. पण माझं सगळं बळ मोजण्यात गेलं होतं, आणि मोजलं काय, तर भाड्याच्या टाचा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे शाळेत निबंधात लिहायला ठीक असतं. समोर चाळीस खाटांवर पसरलेलं बघितलं की निबंध सुचत नाही.

आत्याला मात्र भलताच आनंद झाला होता. “हेमे, तू हितंच शिकायला येनार? मग ये की. मी वरसातनं दोनदा येतीच, तुझी गाठ पडंल. आन् तू डाक्टरीन झालीस की मला जरा खरं औशद दे. ह्यांच्याकडं समदं खोटं.” ती हसली आणि हसता हसता थांबली. तिनं झग्यावरून छाती चोळली. “सकाळपास्नं हितं जरा धरल्यावानी व्हतंय. टेम्पोत हादरून असंल.”

“हेही सांगितलंय का करायला?” मी विचारलं. असं विचारलं मी तिला.

“न्हाई गं,” ती म्हणाली. “हे माझं हाय.”

तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. बघता बघता कपाळ भिजलं, चिकटपट्टी सुटून आली. डाव्या हाताची मूठ ती वळायची आणि सोडायची. रंग उतरायला लागला तशी मी पळाले.

वॉर्डाच्या दाराशी पांढरा कोट घातलेला एक तरुण डॉक्टर उभा होता, गळ्यात स्टेथोस्कोप. मी म्हटलं, चौदा नंबरला खरंच छातीत दुखतंय, लवकर चला.

तो जागचा हलला नाही. “खरंच म्हणजे?”

“खरंच म्हणजे खरंच. घाम फुटलाय. हात दुखतोय.”

त्यानं इकडंतिकडं बघितलं. “हे बघ, मी आजच्यापुरता आलोय. माझं नाव आहे इथल्या यादीत, पण मी औषध कंपनीत असतो, विक्रीला. डिग्री झाल्यापासून मी पेशंटला हात नाही लावला. तू सरांना विचार.” बोलताना तो स्टेथोस्कोप काढून खिशात घालायला लागला, जसं काही मी तो हिसकावून घेणार होते.

“ते मशीन तरी लावा,” मी म्हटलं. कोपऱ्यात हृदयाची पट्टी काढायचं मशीन होतं. मी जवळ गेले तर त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं आणि वायरीला पिनच नव्हती.

तेवढ्यात कोठावळे सर आले. अण्णांनी त्यांना जिन्यातून ओढत आणलं होतं म्हटलं तरी चालेल. सरांनी आत्याकडे बघितलं आणि कौतुकानं म्हणाले, “वा, आज आजी रंगात आल्यात. थोडं कमी करा आजी, आमवात आहे तुम्हाला.”

“साहेब, ती माझी बहीण आहे,” अण्णांनी हात जोडले. “तिला खरंच होतंय. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेतो. एखादी गाडी द्या.”

कोठावळेंचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांना तिच्या घामाची भीती वाटली नाही, घड्याळाची वाटली. “समिती खाली ऑफिसात बसलीय. पाच मिनिटांत वर येईल. यादी त्यांच्या हातात आहे. चौदा नंबर रिकामा कसा दाखवू मी?”

“मरेल ती,” मी म्हटलं.

“तू मध्ये बोलू नकोस. प्रवेश घ्यायचाय ना तुला इथं?” मग ते थांबले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळलं ते मला दिसलं. आवाज एकदम मऊ झाला. “असं करू. मागं जीप उभी आहे, ती देतो. तुम्ही बहिणीला घेऊन निघा. मुलीला अर्धा तास इथं पडू दे. खाट भरलेली दिसली की झालं. तिची सीट पक्की, माझा शब्द.”

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. अण्णा आत्याचा हात धरून उभे होते, गोंदणावर अंगठा ठेवून.

“झोप गं थोडा वेळ,” ते म्हणाले. “अक्काचा जीव महत्त्वाचा.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते इतकं घाण होतं. खऱ्या आजारी बाईला दवाखान्यातून दवाखान्यात न्यायचं, तर तिच्या जागी धडधाकट माणूस गहाण ठेवायचा. तो टायवाला चोर नव्हता हो, चोरावर मोर होता.

आत्याचा झगा काढून मला घातला. दोन वॉर्डबॉयनी तिला मागच्या जिन्यानं नेलं. जाताना ती म्हणाली, “माझी साडी घे गं, हेमे. टेम्पोपाशी देत्यात.” मी तिच्या गरम जागेवर आडवी झाले. चादरीला नव्या कापडाच्या खळीचा वास होता आणि उशीला आत्याच्या डोक्याच्या तेलाचा. नळी माझ्या हाताला चिकटवली.

“पोरी, तोंड झाक,” तेरा नंबरची म्हातारी म्हणाली. “लई तरनी दिसतीस. शेवंता बासष्ट वर्साची हाय.”

मी तोंड झाकलं. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. फाटक उघडलं, लागलं. जीप टेकडी उतरेपर्यंत मी ऐकत राहिले. म्हणजे आता आत्या सुटली. आता मला कुणाचं देणंघेणं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

समितीत तिघं होते. मी चादरीतून त्यांचे बूट ऐकत होते. प्रत्येक खाटेशी थांबायचे, कोठावळे नाव वाचायचे, कुणीतरी पेन टेकवायचं. बायका मन लावून कण्हत होत्या. दहा. अकरा. बारा. तेरा नंबरच्या म्हातारीनं तर रडायलाच सुरुवात केली.

“चौदा,” कोठावळे म्हणाले. “शेवंता पाटोळे. बासष्ट. आमवात.”

मी चादर फेकली आणि उठून बसले. समोर पांढऱ्या केसांचे, सोनेरी चष्म्याचे एक साहेब होते. माणूस सभ्य दिसत होता, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांसारखा. मी त्यांच्याचकडे बघून बोलले.

“मी शेवंता नाही. मी हेमलता. मला अठरा पूर्ण झालीत. मी इथं प्रवेश घ्यायला आलेय. साहेब, इथं कुणीही आजारी नाही. एकच बाई आजारी होती, तिला आत्ता जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलंय, कारण इथं डॉक्टर नाही. ह्या नळीला सुई नाही. बघा.” मी पट्टी ओढून नळी त्यांच्यापुढे धरली.

वॉर्ड शांत झाला. कण्हणंसुद्धा थांबलं. मग तेरा नंबरची म्हातारी खोकली. तिला खोकला दिलेलाच नव्हता, तरी खोकली. मग पंधरा नंबरची. मग पलीकडची ओळ. बघता बघता चाळीस खाटांवरच्या बायका एकदम खोकायला, कण्हायला, विव्हळायला लागल्या. माझा आवाज बुडवत होत्या त्या. साडी आणि जेवण वाचवत होत्या. मी त्यांच्यावर रागावू शकले नाही आणि ते त्याहून वाईट होतं.

सोनेरी चष्म्यानं माझ्या हातातल्या नळीकडे बघितलं. सुई नाही ते त्यांना दिसलं. मला खात्री आहे, कारण त्यांनी नजर खाली टाकली. मग ते कोठावळेंकडे वळून म्हणाले, “मानसिक विकारांचेही रुग्ण घेता वाटतं तुम्ही?”

“घेतो की साहेब.”

“छान, छान.” त्यांनी यादीवर पेन टेकवलं. “चौदा. भरलेली.” आणि पंधराकडे जाताना विचारलं, “जेवणाला किती वेळ आहे हो?”

मोजायला आलेली मी, मोजली गेले.

ते पुरुषांच्या वॉर्डाकडे गेले तशी मी उठले, झगा खाटेवर टाकला आणि खाली ऑफिसात गेले. कारकून गुलाबजामच्या वाट्या मांडत होता. माझी फाईल टेबलावरच होती, वर ‘निश्चित’ असा शिक्का मारलेला. मी ती उचलली. कोठावळे मागून आले. मला वाटलं आता ओरडतील. ते हसले.

“अगं, तू बोललीस त्यानं काही बिघडलं नाही. साहेब जुने आहेत आपले. सीट आहेच तुझी.”

“मला नको.”

“मग कुठं जाणार? ते जिल्ह्याच्या गावचं? तिथं पेशंट आहेत का धड?”

“अकरा आहेत,” मी म्हटलं.

“इथं नव्वद आहेत,” ते म्हणाले, आणि शपथेवर सांगते, त्या माणसाच्या तोंडावरची रेषही हलली नाही. त्याला तो आकडा खराच वाटत असावा.

मागच्या दाराशी टेम्पोवाला होता. मी त्याला शेवंता पाटोळेची साडी मागितली. तो म्हणाला, जेवण झाल्याशिवाय साडी नाही, आणि अर्ध्यात गेलेल्यांना तर नाहीच. मी तशीच टेकडी उतरले आणि थेट गाडी पकडून तालुक्याला गेले. दर तासाला होती खरी.

सरकारी दवाखान्यात आत्या व्हरांड्यातल्या खाटेवर होती. हाताला सलाईन, सुईसकट. हृदयाचा झटका होता, वेळेत आणली म्हणून वाचली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते.

“फाईल?” त्यांनी विचारलं.

“आणली.”

त्यांनी ती उघडून कागद मोजले. मग म्हणाले, “जिल्ह्याच्या गावाला थेट गाडी नाही. दोनदा बदलायला लागते.”

“बदलीन.”

“हं,” म्हणाले आणि वर आत्याकडे बघायला लागले. शुक्रवारी मी जुन्या कॉलेजात नाव घातलं. त्या दिवसाबद्दल अण्णा पुन्हा माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि पेढेही वाटले नाहीत.

आत्या मात्र माझ्यावर रुसली. तिच्या मते मी तिचं काम घालवलं. त्या वर्षी दिवाळीनंतर टेम्पो आला तेव्हा तिचं नाव पुकारलं नाही म्हणे. पण त्याच्या पुढच्या वर्षी पुकारलं. पेशंट कमी पडत होते. मी तिला पत्र लिहिलं, जाऊ नकोस, गोळ्या चुकवू नकोस. तिनं उलट निरोप पाठवला, की औशदाची काळजी करू नको, आता मला खरंच छातीचा आजार दिलाय त्या लोकांनी, पाटीवर तसं लिवलंय. टेकडीवरच्या कॉलेजला तोवर आणखी चाळीस जागा वाढवून मिळाल्या होत्या. आंधळं दळत होतं, कुत्रं पीठ खात होतं, आणि माझ्या वर्गातल्या दोघी तिथं शिकत होत्या. त्यांनी खाटा मोजल्या नव्हत्या. आणि मोजल्या असत्या तरी काय.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा आत्या गेली. गोळ्या संपून पंधरा दिवस झाले होते. दुपारी शेतातून आली आणि उंबऱ्यातच बसली. तिचा मुलगा डिगंबर मोटरसायकल काढून तिला तालुक्याला न्यायला निघाला. तालुका बावीस किलोमीटर.

“तिथं न्हेऊ नगं,” ती डिगंबरला म्हणाली. “टेकडीवर न्हे. तिथं माझी खाट हाय. चौदा नंबर.”

डिगंबरनं हे मला तेराव्याला सांगितलं, अंगणात, खाली बघत. त्याला ते खरं वाटलं होतं. आई चार वर्षं तिथं जात होती, तिचं नाव होतं तिथं, कागद होता, मग का नसेल खाट. त्यानं तिला पाठीशी बांधून टेकडी चढवली. फाटकाला कुलूप होतं. आत कुत्री झोपलेली. त्यानं हॉर्न वाजवला, हाका मारल्या, तेव्हा वॉचमन जेवणावरून उठून आला. माणूस वाईट नव्हता, डिगंबर म्हणाला. त्यानं आईला लगेच ओळखलं.

“शेवंताबाई, आज कशाला आलात?” तो म्हणाला. “आज तपासणी नाही.”